निखांदीची व्युत्पत्ती

शब्दकोशात चोर पकडण्यासाठी एक खोटा शब्द घालून ठेवतात, ही गोष्ट मला कोशाच्या नोकरीत अठ्ठावीस वर्षं काढल्यावर कळली. त्याआधी कुणी सांगितली असती तर मी हसण्यावारी नेली असती. आमच्या कचेरीत एक अनुस्वार इकडचा तिकडे झाला तरी तीन माणसं तीन दिवस भांडतात. तिथे अख्खा शब्द खोटा?

पण असतो. उद्या कुणी आपला कोश जसाच्या तसा उचलला, वर नवं कव्हर चढवलं आणि विकायला काढला, तर कोर्टात सिद्ध काय करणार? शब्द सगळ्यांचेच असतात. ‘पाणी’ आमच्याकडून चोरलं असं काही म्हणता येत नाही. म्हणून एक शब्द असा पेरायचा, जो जगात दुसरीकडे कुठेच नाही. तो दुसऱ्याच्या कोशात उगवला की चोर सापडला. हा शब्द कोणता, ते फक्त दोघांना ठाऊक असतं. तो कागदावर लिहून, पाकिटात घालून, लाखेने बंद करून तिजोरीत ठेवतात.

आमचं पाकीट एका मंगळवारी सकाळी साडेअकराला उघडलं. एका नव्या प्रकाशनाने आमचे तिन्ही खंड गिळून चकचकीत एक खंड काढला होता, आणि आमच्या वकीलबाईंना कोर्टात दाखवायला पुरावा हवा होता. खोलीत थोरले होते, वकीलबाई होत्या, मी होते आणि माझा नवरा होता. थोरले म्हणजे आमचे मुख्य संपादक. वय एक्याऐंशी, कानाने अधू, पण कुणी चुकीचा शब्द बोललं तर मात्र पलीकडच्या खोलीतून ऐकू येतं. छताचा पंखा गरम वारा नुसता ढवळत होता. वकीलबाईंनी कागदाची घडी उलगडली आणि सरळ आवाजात वाचलं, “निखांद. स्त्रीलिंगी. ऐन उन्हाळ्यातले ते आठ-दहा दिवस, ज्यांत रात्रीही उष्मा उतरत नाही.”

मी म्हटलं, “पाकीट चुकलं.”

थोरले टेबलावरचा कागददाब हातात घेऊन बघत बसले. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो आपल्या चपलांकडे पाहत होता. चोवीस वर्षं संसार केल्यावर माणसाच्या टाळूवरूनही त्याच्या मनातलं वाचता येतं. दोघांपैकी दुसरा कोण, ते मला कुणी सांगावं लागलं नाही.

निखांद हा माझा शब्द होता. म्हणजे मी केलेला नव्हे. पण एकोणीस वर्षं मी त्याच्या मागे होते. माझं काम व्युत्पत्तीचं: शब्द कुठून आला, कुणाच्या तोंडून आला, वाटेत कसा बदलला. कचेरीत मला सगळे उकरीबाई म्हणतात, तेही माझ्या तोंडावर. उन्हाळ्याचे शब्द तर मी उभे-आडवे उकरले आहेत. उकाडा अंगाला चिकटतो, रखरख डोळ्यांना दिसते. काहिली जिवाची होते आणि तलखी तर थेट घशात उतरते. निदाघ पोथीतला, त्याच्यात जाळणं आहे, पण त्याला घाम येत नाही. हे सगळे उन्हाचे शब्द. त्या नेमक्या दिवसांचा शब्द एकच होता. ज्या दिवसांत भिंतीला पाठ टेकवत नाही, नळाचं पाणी पहाटेही कोमट येतं, आणि नवरा-बायको एकाच खोलीत दोन टोकांना झोपतात, त्या आठ-दहा दिवसांना नाव होतं निखांद. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं, इतकी वर्षं हा शब्द नव्हता तर आपण बोलत तरी काय होतो?

आणि त्याचं मूळ लागत नव्हतं. निखाऱ्याशी जुळवावं तर मधला ‘र’ कुठे गेला ते सांगता येत नव्हतं. खांद्याशी जुळवावं तर उन्हाचा आणि खांद्याचा संबंध काय? मी धोबीआळ्या पालथ्या घातल्या, लोहारांच्या भात्यापाशी बसले, मिठागरांवर जाऊन पाय भाजून घेतले. “तुमच्याकडे निखांद म्हणतात का हो?” असं विचारत फिरले. लोक हो म्हणायचे. उन्हातून तापून आलेल्या बाईला पाणी द्यायचं आणि वर नाही म्हणायचं, हे कुणाला जमणार? “हो हो, आमचे आजोबा म्हणायचे,” असं मला अकरा जणांनी सांगितलं. ते अकराच्या अकरा आजोबा मी वहीत नीट उतरवून घेतले.

अकरा वर्षांपूर्वी शेवटी ते मूळ सापडलं. कोशाच्या जुन्या पेट्यांत एक कार्ड मिळालं. फार पूर्वी वारलेल्या एका शब्दसंग्राहकाने वीटभट्टीवर ऐकून लिहिलेलं: ‘निखांद – भट्टी खांद्यापर्यंत पेटणे, त्यावरून, कडक उन्हाळा.’ भट्टीच्या वरच्या कडेला भट्टीवाले खांदा म्हणतात. आग तिथवर चढली की आता ती कुणाच्या बापाच्याने उतरत नाही. उष्मा उतरत नाही ते दिवस! सगळं कसं चपखल बसलं. त्यावर मी लेख लिहिला, तो आमच्याच सहामाही अंकात छापला गेला. मग व्याख्यानं झाली. मग पुस्तकच लिहायला घेतलं, दोनशे चाळीस पानांचं, आणि ते पाकीट उघडलं त्या मंगळवारी छापखान्यात दुसऱ्या प्रुफाला होतं.

“बाई,” थोरले कागददाब खाली ठेवत म्हणाले, “त्या दिवशी मला शब्दच सुचत नव्हता. खिडकीतून बघितलं तर एक हमाल कपाट या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होता. म्हटलं, खांद. पुढे काहीतरी लावायचं म्हणून नि लावला. पाच मिनिटं लागली असतील.”

“पाच मिनिटं,” मी म्हटलं.

“चहा यायच्या आतच झाला.”

“आणि मी एकोणीस वर्षं उकरत होते तेव्हा तुम्ही मला थांबवलं का नाही?”

“थांबवलं असतं तर का थांबवलं ते सांगावं लागलं असतं. नियम दोघांचा आहे. तिसऱ्याला कळलं की सापळा गेला.” मग माझी समजूत घालायची म्हणून ते म्हणाले, “उलट तुमच्या लेखाने सापळा पक्का झाला. कुणाला शंकाच आली नाही.”

एवढं ऐकून मी खुर्ची फेकून मारायला हवी होती. पण ऐंशी ओलांडलेल्या माणसावर आवाज चढवायचा नाही हे वळण अंगात मुरलेलं, त्यामुळे मी ग्लासभर पाणी प्यायले.

खरी अडचण वकीलबाईंनी सांगितली. जे शब्द फक्त आमच्याच कोशात आहेत, त्या प्रत्येकासाठी समोरच्यांनी आधीच उत्तर तयार ठेवलं होतं, आणि त्यात निखांदही होता. त्यांचं म्हणणं, कोशात काही शब्द चोरखुणेचे असतात हे आम्हालाही ठाऊक आहे, पण निखांद तसा नाही. तो खरा शब्द आहे, भट्टीवाल्यांचा आहे, आणि हे आम्ही म्हणत नाही, तुमच्याच व्युत्पत्तीवाल्या बाई म्हणतात. सोबत माझा लेख, माझे अकरा आजोबा आणि त्या कार्डाचा क्रमांक. “ताई,” वकीलबाई म्हणाल्या, “त्यांची सगळी मदार त्या एका कार्डावर आहे. थोरल्यांनी शब्द वीस वर्षांपूर्वी बनवला असेल, तर साठ वर्षांपूर्वीच्या माणसाने तो लिहिला कसा? शुक्रवारी कोर्टात हे तुम्हाला विचारतील. तुम्ही काय सांगणार?”

“कार्ड बघितल्याशिवाय मी काही सांगणार नाही,” मी म्हटलं. तेव्हा मोती पहिल्यांदा बोलला. “कार्डाचं मी बघतो,” तो म्हणाला, आणि उठायला लागला. मी त्याच्याआधी दाराबाहेर होते.

मोती म्हणजे माझा नवरा. मोत्यासारखं अक्षर म्हणून कचेरीने हे नाव ठेवलं आणि मीही तेच उचललं. त्याचं काम जीर्ण कार्डांच्या नकला करण्याचं. आमची कार्डं फार जुनी. कोपरे झडतात, शाई उडते. मग तो मजकूर नव्या कार्डावर उतरवायचा, वर ‘मूळ जीर्ण’ असा शिक्का मारायचा, आणि दुसऱ्या कुणीतरी मूळ आणि नक्कल शेजारी ठेवून, अक्षर न् अक्षर ताडून खाली आद्याक्षरं घालायची. त्यानंतर मूळ कार्ड वर्षभर गठ्ठ्यात राहतं आणि मग रद्दीत जातं. ताडून पाहिल्याची आद्याक्षरं नसतील तर ते कार्ड पुरावा म्हणून वापरायचं नाही, हा आमच्याकडचा सगळ्यात कडक नियम.

कार्डखोलीत दुपारी खिडक्या बंद असतात, कागदाला ऊन सोसत नाही म्हणून. मी ‘नि’ची पेटी काढली. ते कार्ड मी शंभरदा पाहिलं होतं, पण दरवेळी फक्त मजकूर पाहिला होता. आता इतर सगळं पाहिलं. मोतीचं अक्षर, ‘मूळ जीर्ण’चा शिक्का, तारीख. आणि खालच्या कोपऱ्यात, हिरव्या शाईत, माझी आद्याक्षरं.

मग मी नकलांची नोंदवही काढली. त्या तारखेला नकलेसाठी दिलेली मूळ कार्डं चाळीस. परत आलेल्या नकला एक्केचाळीस. दोन्ही आकडे एकाच ओळीत, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून अकरा वर्षं बसले होते.

माझी आद्याक्षरं तिथे कशी आली, ते मला आठवायची गरजच पडली नाही. दुसऱ्या कुणाच्या नकला आल्या तर मी भिंग घेऊन बसायची. वेलांटीपायी माणसं रडवली आहेत मी. मोतीचा गठ्ठा मात्र चारच्या चहाला यायचा. एका हातात कप आणि दुसऱ्या हातात हिरवं पेन. तो कार्डं सरकवायचा आणि मी कोपरे रंगवत सुटायची. “बघ तरी गं,” तो कधीमधी म्हणायचा. “तुझं काय बघायचंय,” असं मी म्हणायची. कचेरीत सगळ्यांना ते माहीत होतं. कुणी हरकत घेतली नाही, उलट जरा कौतुकच होतं.

आणि एक गोष्ट मला तिथे, त्या बंद खोलीत, घामाच्या धारा लागलेल्या असताना समजली. भट्टीच्या खांद्याची कल्पना कार्डात सापडण्याआधी पंधरा दिवस मीच बोलले होते. घरी, ओट्यापाशी भांडी पुसताना. “एखाद्या भट्टीवाल्याने हे म्हटलेलं कुठे मिळालं ना, तर मी सुटले,” असं मी मोतीला म्हटलं होतं. मग ते मिळालं. कपड्याच्या मापाला माणूस शिवून काढावा तसं मिळालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा माझ्या काखेत कुणी आणून ठेवला होता ते आता दिसत होतं.

संध्याकाळी साडेसहाला मी घरी पोहोचले तेव्हा तो आधीच आला होता. स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. अपराधी असला की तो मला विचारल्याशिवाय कांदा चिरायला घेतो.

“चाळीस मुळं आणि एक्केचाळीस नकला,” मी म्हटलं.

त्याने सुरी खाली ठेवली. “मला वाटलंच तू वही काढशील.”

“शब्द खोटा आहे हे तू एकोणीस वर्षं सांगितलं नाहीस. ठीक आहे. तू थोरल्यांना शब्द दिला होतास. तो तुला बायकोपेक्षा मोठा वाटला. ते मी समजू शकते, आज नाही, पण कधीतरी समजेन. पण कार्ड का?”

“तू जेवत नव्हतीस.”

“काय?”

“त्या वर्षी तू जेवत नव्हतीस. झोपेत उठून बसायचीस. त्या मिठागरावरून आलीस तेव्हा पायांना फोड आले होते आणि तू म्हणालीस, मला काही येत नाही, मी उगाच या खुर्चीवर बसले आहे. मला बघवेना. सांगता तर येत नव्हतं. म्हटलं, हिला एक कार्ड मिळालं तर ही थांबेल. ही हसेल. एवढंच.”

“मी थांबले नाही. मी पुस्तक लिहिलं.”

“ते मला काय माहीत?”

“आणि ते लिहिताना प्रत्येक प्रकरण तुला वाचून दाखवलं. तू ‘वा’ म्हणालास. एके ठिकाणी तर डोळे पुसलेस.”

“ते खरं होतं,” तो म्हणाला. “ते प्रकरण चांगलं आहे गं.”

मी ओट्याला टेकून उभी राहिले. केसाने गळा कापणं म्हणतात ते असं असतं, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, त्यात कापणाऱ्याचा काही फायदा असतो. याचा काय फायदा झाला? याला फक्त मी हसलेली बघायची होती. मी हसले. कार्ड सापडलं त्या दिवशी मी कार्डखोलीतून पळत त्याच्या टेबलापाशी गेले होते, सगळ्यांदेखत त्याचा हात धरला होता. तेव्हा त्याला काय वाटलं असेल? आपली बायको किती सोपी आहे, असं वाटलं असेल का? मला त्याचा संताप येत होता आणि त्या दिवशी पळत गेलेल्या माझी लाज वाटत होती. दोन्हींतलं जास्त काय, ते ठरत नव्हतं.

“शुक्रवारी काय सांगशील?” त्याने विचारलं.

“खरं.”

“माझं ऐक.” तो खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. “तू म्हण की मूळ कार्ड होतं. पण ते अर्धं उडालेलं होतं, शब्द दुसराच काही असेल, मी आणि तू दोघांनी तो निखांद असा वाचला. वाचनाची चूक. चूक कुणाचीही होते. शब्द खोटा तो खोटाच राहील, केस जिंकाल, कुणी खोटारडं ठरणार नाही.”

“मी मूर्ख ठरेन.”

“पुस्तक तर तसंही जाणारच आहे.” हे त्याने इतक्या मऊपणे म्हटलं, की मला पहिल्यांदा भीती वाटली. “माझी चाळीस हजार कार्डं आहेत त्या पेट्यांत. एक मी मनाने लिहिलं असं कोर्टात आलं, तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवील? आठ महिन्यांनी मी निवृत्त होतोय. सगळा जन्म मी दुसऱ्याचं अक्षर न् अक्षर जसंच्या तसं उतरवण्यात घातला. एक कार्ड सोडून. ते एक तुझ्यासाठी होतं.”

“म्हणजे आता त्याची परतफेड मी करायची.”

“मी तसं म्हटलं नाही.”

“मग कसं म्हटलंस? तूच सांग. तुझं अक्षर उतरवायचं काम आज मी करते.”

तो उठून कांदा परतायला लागला. आम्ही जेवलो. ताटं समोरासमोर होती म्हणून समोरासमोर जेवलो. लेकीचा फोन आला. ती दूरच्या शहरात असते. “आई, इकडे नुसती निखांद लागली आहे, अंगावर कपडा सहन होत नाही,” असं ती म्हणाली. मी म्हटलं, पाणी पीत जा. शब्द खरा झाला होता आणि माझं काम खोटं. हे तिला फोनवर कसं समजावणार?

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात जाऊन पुस्तक थांबवलं. जुळारी म्हणाला, “ताई, दोन फॉर्म छापून झालेत.” मी म्हटलं, “रद्दीत घाला.” तो म्हणाला, पहिल्या पानावरचं अर्पण तरी ठेवा, पुढच्या पुस्तकाला होईल. अर्पण मोतीला होतं. ‘ज्याने मला मूळ सापडवून दिलं त्याला’, असं मी लिहिलं होतं, तेही जाणूनबुजून, कारण कार्डाची नक्कल त्याच्या हातची होती. मी जुळाऱ्याला म्हटलं, ते तर आधी घाला.

शुक्रवारी कोर्टाची खोली लहानशीच होती. खिडकीला जाडसर पडदे, एक पंखा चालू आणि एक बंद. मोती मागच्या बाकावर थोरल्यांच्या शेजारी बसला होता. त्याने स्वच्छ पांढरा शर्ट घातला होता. तो मीच इस्त्री करून ठेवला होता, सवयीने.

समोरचा वकील तरुण होता आणि फार नम्र होता. त्याने माझा लेख वाचून दाखवला, त्यातल्या दोन वाक्यांची स्तुतीही केली. मग कार्ड माझ्या हातात दिलं.

“हे कार्ड आपल्या कचेरीचं?”

“हो.”

“वरच्या मजकुराप्रमाणे निखांद हा शब्द साठ वर्षांपूर्वी वापरात होता?”

“मजकुराप्रमाणे हो.”

“आपण हे कार्ड आपल्या लेखात पुरावा म्हणून दिलंत. आपण या क्षेत्रातल्या जाणकार आहात. म्हणजे कार्ड खरं आहे.”

वकीलबाई माझ्याकडे बघत होत्या. मोतीने सुचवलेलं वाक्य मला तोंडपाठ होतं. अर्धं उडालेलं मूळ, वाचनाची चूक. तीन दिवस मी ते मनात घोळवत होते, आणि खरं सांगते, कोर्टाच्या पायऱ्या चढेपर्यंत मी ते बोलणार होते. म्हातारपणी माणसाचं अक्षर त्याच्याकडून काढून घेऊ नये, इतकं मला कळतं. पण त्या वकिलाने ‘जाणकार’ म्हटलं आणि माझ्या हातातल्या त्या कोपऱ्यातली हिरवी शाई मला दिसली.

“कार्ड खोटं आहे,” मी म्हटलं. “त्याला मूळच नव्हतं. त्या दिवशीची मुळं चाळीस, नकला एक्केचाळीस. नोंदवही आमच्या वकीलबाईंकडे आहे.”

त्याची तयारी या दिशेने नव्हती. “मग हे लिहिलं कुणी?”

“माझ्या नवऱ्याने.”

“पण नियमाप्रमाणे दुसऱ्या व्यक्तीने मुळाशी ताडून सही करावी लागते. खाली आद्याक्षरं आहेत. ती कुणाची?”

“माझी.”

“मूळ नव्हतं, तर आपण ताडून काय पाहिलंत?”

“काही नाही. न बघता केली.”

“का?”

खोलीत कुणीतरी खाकरलं. मी मागे बघितलं नाही.

“नवरा होता म्हणून,” मी म्हटलं.

न्यायाधीशांनी लिहिणाऱ्या बाईंना सांगितलं, उत्तर जसंच्या तसं घ्या. त्यांनी घेतलं.

दुपारपर्यंत समोरचे समझोत्याची भाषा बोलायला लागले. वकीलबाई खूश होत्या, पण मला टाळी द्यायला पुढे केलेला हात त्यांनी मधूनच मागे घेतला. बाहेर व्हरांड्यात थोरल्यांनी मोतीकडे कार्डखोलीची किल्ली मागितली. मोतीने ती लगेच खिशातून काढून दिली, जणू हातातच धरून बसला होता. मग थोरले माझ्याकडे वळले. “बाई, आता त्याची सगळी कार्डं तपासावी लागतील. इतर नोंदी, जुने खंड, मिळतील तिथे ताडून. हे तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही.”

“तुमचा तो नियम दोघांचा होता ना,” मी म्हटलं. “मग दुसरं कुणी शोधा.”

“दुसरं कुणी नाही,” ते म्हणाले. ते खरंच होतं. मी हो म्हटलं. नाही म्हणायला मला घरी बसावं लागलं असतं, आणि घरी मला बसायचं नव्हतं.

आम्ही चालत घरी आलो. रस्त्यावरचं डांबर चपलेला धरत होतं. मोती माझ्या डाव्या बाजूने, नेहमीसारखा, पण हातभर अंतर राखून चालत होता. कोपऱ्यावर तो म्हणाला, “खरं बोललीस ते बरं केलंस.” मी म्हटलं, “तुझ्या सर्टिफिकेटची गरज नाही.” घरी आल्यावर त्याने खिडक्या उघडल्या, पाणी भरून आणलं, माझ्यासमोर ठेवलं.

“सोमवारपासून मी तुझी कार्डं तपासायला घेणार,” मी म्हटलं. “आधीच सांगून ठेव. त्यात असं आणखी एखादं आहे?”

“नाही.” त्याने क्षणाचाही वेळ लावला नाही. “एकही नाही. ते एकच. चाळीस हजारांत ते एकच. तू कुठलंही काढून बघ.”

मला ते पटलं. कार्डांच्या बाबतीत तो खोटं बोलणार नाही हे मला आतून माहीत होतं, आणि इतकं होऊनही माहीत आहे याचंच नवल वाटलं. मी पाणी प्यायले. मग मी विचारलं, “आणि कार्डांच्या बाहेर? या घरात? मी खचले होते, आणि मग काहीतरी आपसूक चांगलं घडलं, कुणाचं पत्र आलं, कुणी कौतुक केलं, हरवलेलं सापडलं, आणि मी हसले. त्यातलं तू आणून ठेवलेलं किती?”

मला वाटलं, तो आताही तसाच पटकन नाही म्हणेल. मी वाट बघितली.

तो खुर्चीत टेकला, चष्मा काढून मांडीवर ठेवला, आणि आठवायला लागला.